शिलाँग करार, १९७५ : तारीख नसलेले तिसरे कलम

भारत सरकार आणि नागा बंडखोर यांच्यातला शिलाँग करार वाचायला पाच मिनिटे पुरतात. १० आणि ११ नोव्हेंबर १९७५ हे दोन दिवस, चर्चेच्या चार फेऱ्या, आणि शेवटी पान-दोन पानांत मावणारा मजकूर. त्यात कामाची कलमे तीन. भूमिगत संघटनांच्या प्रतिनिधींनी स्वेच्छेने आणि विनाअट भारताची राज्यघटना मान्य केली, हे पहिले. लपवलेली शस्त्रे बाहेर काढून ठरलेल्या ठिकाणी जमा करायची, हे दुसरे. आणि तिसरे असे की, अंतिम तोडग्यासाठी चर्चेचे इतर मुद्दे ठरवायला या संघटनांना वाजवी वेळ मिळेल.

वीस वर्षे चाललेले नागा युद्ध या तीन वाक्यांनी संपेल, अशी दिल्लीची अपेक्षा होती. झाले उलटेच. ३१ जानेवारी १९८० रोजी याच कराराला विरोध करणाऱ्यांनी नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड, म्हणजे एनएससीएन, स्थापन केली, आणि पुढच्या दोन दशकांत ती ईशान्येतली सर्वांत ताकदवान सशस्त्र संघटना झाली.

या प्रकरणाच्या दोन कहाण्या प्रचलित आहेत. एक म्हणते, काही फितुरांनी चळवळ विकली. दुसरी म्हणते, शांतता दारात आली होती, पण चीनच्या जिवावर उड्या मारणाऱ्यांनी ती घालवली. दोन्ही कहाण्या कराराचा कागद न उघडताही सांगता येतात, हाच त्यांचा दोष. कागद उघडला की कळते, की पहिली दोन कलमे ताबडतोब अंमलात यायची होती आणि एकदा आली की मागे घेण्यासारखी नव्हती. तिसऱ्या कलमाला मात्र तारीख नव्हती, ते पुढे कोणी न्यायचे हेही लिहिलेले नव्हते. शिवाय सही करणाऱ्यांच्या हातात स्वतःची शस्त्रे आणि स्वतःची पत यांखेरीज देण्यासारखे काही उरले नव्हते. माझ्या मते शिलाँग करार तिथेच फसला, फितुरी आणि चीन या नंतरच्या गोष्टी.

करारापर्यंतची वाट

पार्श्वभूमी थोडक्यात. १९२९ मध्ये नागा क्लबने सायमन कमिशनला कोहिमात निवेदन दिले, की इंग्रज गेल्यावर आम्हाला आमच्यावर सोडा. १९४६ मध्ये नागा नॅशनल कौन्सिल (एनएनसी) उभी राहिली. जून १९४७ मध्ये आसामचे राज्यपाल अकबर हैदरी यांच्याशी तिचा नऊ कलमी करार झाला. त्याचे नववे कलम इथे लक्षात ठेवावे. दहा वर्षांनी एनएनसीला विचारले जाईल, की हाच करार पुढे चालू ठेवायचा की नागा लोकांच्या भवितव्याबद्दल नवा करार करायचा. नागांनी याचा अर्थ वेगळे होण्याचा हक्क असा लावला. भारताने त्यात फक्त संघराज्याच्या आतली फेररचना पाहिली. अवघड प्रश्न पुढच्या तारखेवर ढकलायचा आणि त्याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा, ही रीत तिथूनच सुरू झाली.

१४ ऑगस्ट १९४७ ला एनएनसीने स्वातंत्र्य जाहीर केले. १९५१ मध्ये एनएनसीचे अध्यक्ष अंगामी झापू फिझो यांनी सार्वमत घेतले, १९५२ च्या निवडणुकीवर बहिष्कार पडला, आणि मार्च १९५३ मध्ये नेहरू व ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्या कोहिमातल्या सभेतून लोक उठून निघून गेले. १९५६ मध्ये फेडरल गव्हर्नमेंट ऑफ नागालँड हे भूमिगत सरकार स्थापन झाले, सैन्य आले, गावे जळली. १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा याच डोंगरांसाठी आला. फिझो पूर्व पाकिस्तानमार्गे निसटून १९६० मध्ये लंडनला पोहोचले. त्याच वर्षी दिल्लीने एनएनसीला बाजूला ठेवून मवाळ नागा पीपल्स कन्व्हेन्शनशी सोळा कलमी करार केला, आणि १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले. या कन्व्हेन्शनचे अध्यक्ष डॉ. इम्कोंग्लिबा आओ यांची १९६१ मध्येच हत्या झाली होती. जंगलाला विचारल्याशिवाय केलेल्या कराराची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा तो पहिला दाखला.

पुढच्या दहा वर्षांवर जरा थांबायला हवे, कारण शिलाँगमध्ये कोण बसले आणि कोण बसले नाही, हे याच वर्षांत ठरले. ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धविराम लागू झाला. त्यामागे जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ होते. १९६६-६७ मध्ये भूमिगत सरकारचे ‘आतो किलोन्सर’, म्हणजे पंतप्रधान, कुघातो सुखाई थेट इंदिरा गांधींशी बोलत होते. सहा फेऱ्या झाल्या. वाटाघाटी फसल्या, पण बोलणी पंतप्रधानांच्या पातळीवर होती आणि आधी राज्यघटना मान्य करा अशी अट नव्हती. नागांचा विषय तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाकडे असे. तो गृहमंत्रालयाकडे गेला १९७२ मध्ये. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फाइल गेली, एवढाच त्याचा अर्थ नव्हता.

दरम्यान भूमिगतांमध्ये फाटाफूट झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये भूमिगत फौजेचे माजी सेनापती कैतो सेमा यांची कोहिमात हत्या झाली. मुख्यतः सुमी (त्या काळच्या कागदपत्रांत सेमा) जमातीच्या गटाने वेगळे ‘रिव्होल्यूशनरी गव्हर्नमेंट’ काढले आणि १९७३ मध्ये झुन्हेबोतोला शस्त्रे खाली ठेवली. त्यांतले बरेच जण सीमा सुरक्षा दलात भरती झाले. चीनहून परतणारे भूमिगत सेनापती मोवू अंगामी १९६९ मध्ये आपल्या तुकडीसह पकडले गेले. १९७१ च्या युद्धाने पूर्व पाकिस्तान नकाशावरून पुसला आणि नागांचा पश्चिमेकडचा आसरा संपला. ऑगस्ट १९७२ मध्ये मुख्यमंत्री होकिशे सेमा यांच्यावर हल्ला झाला. महिनाही उलटला नाही तोच सरकारने युद्धविराम संपवला आणि एनएनसी, फेडरल सरकार व त्याची फौज या तिन्हींवर बंदी घातली.

म्हणजे १९७५ उजाडले तेव्हा भूमिगत चळवळीचे तीन तुकडे पडलेले होते. काही नेते तुरुंगात किंवा खेड्यापाड्यांत दमून बसलेले, फिझो लंडनमध्ये, आणि इसाक चिशी स्वू व थुइंगालेंग मुइवा शे-दीडशे माणसांची तुकडी घेऊन चीनच्या दिशेने गेलेले. मुइवा एनएनसीचे सरचिटणीस होते. अध्यक्ष आणि सरचिटणीस दोघेही हजर नसलेल्या घराच्या वतीने बोलणी होणार होती.

शिलाँगच्या टेबलाशी

मार्च १९७५ मध्ये नागालँडमध्ये राष्ट्रपती राजवट लागली, जूनमध्ये देशभर आणीबाणी आली. डोंगरात लष्करी मोहिमा सुरूच होत्या. लोक थकले होते, आणि त्या थकव्याला आवाज दिला चर्चने. बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने बनलेल्या नागालँड पीस कौन्सिलने पाच जणांची लायझन कमिटी नेमली. त्यात रेव्हरंड लोंग्री आओ, एल. लुंगालांग, केनेथ केरहुओ, लुंगशिम शैझा आणि डॉ. एम. अराम हे होते. अराम हे तामिळ प्रदेशातून आलेले गांधीवादी. (नागा डोंगरात पाय रोवलेले गांधीवादी हे वेगळेच प्रकरण आहे. डहाणूत जन्मलेले नटवर ठक्कर काकासाहेब कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ पासून चुचुयिमलांगला आश्रम चालवत होते, आणि या सगळ्या गोळीबाराच्या काळातही ते तिथून हलले नाहीत.)

या पाच जणांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी जंगलात निरोप पोहोचवले, ज्यांच्यापर्यंत पोहोचता आले त्यांना तयार केले आणि शिलाँगला आणले. अडचण ‘ज्यांच्यापर्यंत पोहोचता आले’ यातच आहे. त्यांत फिझोंचे धाकटे भाऊ केवी याले होते, फेडरल सरकारमध्ये मंत्री राहिलेले झेड. राम्यो होते, आणखी काही मोजके होते. समोर राज्यपाल लल्लन प्रसाद सिंग. हे माजी केंद्रीय गृहसचिव, आणि त्या वेळी आसाम, नागालँड, मणिपूर, मेघालय व त्रिपुरा या पाचही राज्यांचे राज्यपाल. त्यांच्या बाजूला सल्लागार रामुण्णी व झोपिआंगा आणि गृहमंत्रालयाचे सहसचिव एम. एल. कंपानी. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्यांचा माणूस पंतप्रधानांसमोर बसत होता, त्यांना आता राज्यपालांसमोर बसायचे होते.

करारात दोन्ही पक्षांची ओळख कशी करून दिली आहे, तेही पाहावे. एका बाजूला भारत सरकार. दुसऱ्या बाजूला ‘भूमिगत संघटनांचे प्रतिनिधी’. एनएनसीचे नाव करारकर्ता पक्ष म्हणून येत नाही, फेडरल सरकारचेही नाही. बंदी घातलेल्या संघटनेचे नाव लिहिले तर तिला मान्यता दिल्यासारखे होईल, हा सरकारी हिशेब त्यामागे असावा. कार्यालयीन चतुराई म्हणून तो ठीकच. पण त्यामुळे विरोधकांना आयते उत्तर मिळाले : हे लोक सहीसाठी आमच्याकडून गेलेलेच नव्हते, मग करार आम्हाला बंधनकारक कसा? ज्या नावाखाली लोक वीस वर्षे लढले ते नाव कागदावर नसेल, तर त्या नावाने झालेले युद्ध कागदाने कसे संपावे?

आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द. आणीबाणीत, राष्ट्रपती राजवटीत, सैन्याच्या घेऱ्यात, बंदी असलेल्या संघटनेच्या माणसांकडून तो लिहून घेतला गेला. सह्या करणाऱ्यांवर पिस्तूल रोखले होते असे मी म्हणत नाही, त्यांना खरोखर शांतता हवी होती असेच दिसते. पण शब्द लिहावा लागला, यावरून तो लिहून घेणाऱ्यालाही शंका पडणार हे माहीत असावे.

५ जानेवारीची पुरवणी

करारानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ जानेवारी १९७६ रोजी, पुरवणी समझोता झाला. त्यात सगळे शस्त्रांबद्दल. शस्त्रे गोळा करण्याचे काम २५ जानेवारीपर्यंत पूर्ण करायचे. गोळा झालेली शस्त्रे पीस कौन्सिलच्या पथकाकडे द्यायची, पथकाने ती कोहिमाजवळच्या चेडेमा शांती छावणीत न्यायची आणि पहारा ठेवायचा. भूमिगतांनी छावण्यांत राहायचे आणि त्यांच्या खर्चाची व्यवस्था फक्त पीस कौन्सिलने पाहायची. मणिपूर सरकारच्या संमतीने तशीच सोय मणिपुरातही करायची.

शस्त्रांना वीस दिवसांची मुदत, आणि राजकीय मुद्द्यांना ‘वाजवी वेळ’. दोन्ही कागद शेजारी ठेवले की करार कोणासाठी निकडीचा होता ते दिसते.

दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. या साऱ्या मजकुरात नागालँड राज्याबाहेरच्या नागांबद्दल काय आहे? मणिपूरचा उल्लेख येतो तो शस्त्रे ठेवायची जागा म्हणून. ब्रह्मदेशातल्या नागांचा तर प्रश्नच नव्हता, कारण ते दिल्लीच्या हातातले नव्हते. १९६३ ने अंगामी, आओ, लोथा, सुमी यांना निदान एक राज्य दिले होते, आणि त्यासोबत विधानसभा आणि नागा रूढी-कायद्यांना संरक्षण देणारे घटनेचे ३७१ (अ) कलम. मणिपूरच्या उखरुलमधल्या तांगखुलांना त्यातले काहीच मिळाले नव्हते. मुइवा उखरुलच्या सोमदालचे. पुढे त्यांना साथ देणारे एस. एस. खापलांग ब्रह्मदेशातले हेमी नागा. ज्यांना १९६३ मध्ये काही मिळाले नाही आणि १९७५ मध्येही काही मिळणार नव्हते, त्यांच्याकडे विरोधाचे नेतृत्व जावे, यात नवल नाही. राम्योही तांगखुलच, तेव्हा प्रश्न नुसता जमातीचा नव्हता. ज्याच्या गावाला या करारातून काय मिळते याचे उत्तर ‘काही नाही’ असे होते, त्याला जंगलात राहणे परवडणारे होते.

लंडनमधले मौन

आता सगळ्यांचे लक्ष फिझोंकडे. त्यांनी करार मान्य केला असता तर मुइवांचा विरोध एका सरचिटणिसाचे बंड ठरला असता. त्यांनी धिक्कारला असता तर सही करणारे एकटे पडले असते. फिझोंनी दोन्ही केले नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये ब्रह्मदेशातल्या नागा टापूत सुफाओ येथे भरलेल्या सभेने कराराला गद्दारीचे कृत्य ठरवले आणि फिझोंकडे दूत पाठवले, तरी लंडनहून हवा तो शब्द आला नाही.

का, यावर नागा लोक आजही वाद घालतात. सही करणाऱ्यांत सख्खा भाऊ होता, हे कारण पहिले सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. पंधरा वर्षे देशाबाहेर असलेल्या माणसाची सारी सत्ता एका गोष्टीवर टिकून होती : सर्व गट त्याला आपला मानत होते. कोणत्याही बाजूने बोलले की त्यातला अर्धा वाटा जाणार. गप्प राहून तो वाचेल असा त्यांचा हिशेब असावा. पण इतक्या मोठ्या घटनेवर नेता गप्प राहिला की प्रत्येक जण त्या मौनाचा आपल्याला सोयीचा अर्थ काढतो. सरकारने त्याला मूक संमती मानले, जंगलाने त्याला दुबळेपणा मानले. पुढच्या पाच वर्षांत फिझो हे सर्वांचे वडीलधारे राहिले, पण कोणाचेच सेनापती राहिले नाहीत.

तिसऱ्या कलमाची परीक्षाही लंडनमध्येच झाली. १९७७ मध्ये आणीबाणी उठली, जनता सरकार आले, आणि जूनमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई लंडनला गेले असता फिझो त्यांना भेटले. ‘इतर मुद्दे’ मांडण्याची यापेक्षा चांगली संधी येणार नव्हती. मोरारजींनी नागा प्रश्न असा काही उरलेलाच नाही अशी भूमिका घेतली आणि भेट कडवटपणे संपली. अंतिम तोडग्याचे मुद्दे ठरवायला दिलेला वाजवी वेळ म्हणजे नेमका किती, हे तेव्हा कळले.

जंगलातली मोडतोड

१९७८ मध्ये सीमेपलीकडच्या तळावर कराराच्या बाजूच्या गटाने लष्करी कायदा पुकारून इसाक आणि मुइवांनाच ताब्यात ठेवले. त्यातून ते सुटले ते खापलांग यांच्या बळावर. मग १९८० ची घोषणा : अध्यक्ष इसाक, सरचिटणीस मुइवा, उपाध्यक्ष खापलांग. एनएनसीने चळवळीशी द्रोह केला, म्हणून आता खरी वारसदार आम्ही, अशी त्यांची मांडणी. समाजवाद आणि ‘नागालँड फॉर ख्राइस्ट’ एकाच जाहीरनाम्यात नांदत होते. चीनमधल्या प्रशिक्षणाचे वळण आणि बाप्टिस्ट घरातले संस्कार, दोन्ही त्यात दिसतात.

गावागावांत एक नवी ओळख रुजली : ‘अकॉर्डिस्ट’, म्हणजे करारवाला. ती शिवी होती आणि अनेकदा मृत्युदंडही. ऐंशीच्या दशकात नागांनी नागांना जेवढे मारले, त्याचा मोठा भाग या एका शब्दाच्या खात्यावर जातो. शांततेच्या कराराने शत्रू बदलला, युद्ध तसेच राहिले.

हाच आजार पुढे एनएससीएनलाही जडला. इसाक-मुइवा दिल्लीशी गुपचूप सौदा करताहेत, असा संशय खापलांग गटात पसरला. म्हणजे ज्या आरोपावर संघटना जन्मली, तोच आरोप आता तिच्या नेत्यांवर. ३० एप्रिल १९८८ रोजी खापलांग गटाने त्यांच्या तळावर हल्ला केला. त्यात शंभराहून अधिक माणसे मेली, बहुतेक तांगखुल. एनएससीएनचे आय-एम (इसाक-मुइवा) आणि के (खापलांग) असे दोन तुकडे झाले. बरोबर दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९९० ला, फिझो लंडनमध्ये वारले आणि एनएनसीही फुटली.

नंतरचे करार या कराराला कसे टाळतात

१९९७ मध्ये दिल्ली आणि आय-एम यांच्यात युद्धविराम झाला, १ ऑगस्टपासून लागू. मुइवांची बोलण्याची अट शिलाँगच्या अगदी उलट होती : पूर्वअट नको, पातळी पंतप्रधानांची हवी, जागा तिसऱ्या देशात हवी. पॅरिस, झुरिच, ॲमस्टरडॅम, बँकॉक अशा बैठका होत राहिल्या. १९७५ मध्ये जे जे झाले त्यातले काहीही पुन्हा होऊ द्यायचे नाही, एवढे धोरण त्यामागे स्पष्ट दिसते. पण शिलाँगचा एक दोष तसाच राहिला. या वेळीही एकाच गटाशी बोलणी सुरू झाली, फक्त या वेळी तो गट बळकट होता. जून २००१ मध्ये युद्धविरामाला ‘प्रादेशिक मर्यादेविना’ असे शब्द जोडले गेले, तेव्हा मणिपूर पेटले. १८ जूनला इंफाळमध्ये विधानसभेची इमारत जाळली गेली, गोळीबारात माणसे मेली, आणि जुलैअखेर दिल्लीने शब्द मागे घेतले. टेबलाशी न बोलावलेल्यांची यादी या वेळी नागांच्याही बाहेर गेली होती.

चर्चने मात्र धडा घेतला असे म्हणता येईल. २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशनने क्रम बदलला : दिल्लीशी काय बोलायचे ते नंतर, आधी एकमेकांचे खून थांबवा. जून २००९ मध्ये आय-एम, खापलांग गट आणि एनएनसी यांच्या नेत्यांनी सलोख्याच्या करारनाम्यावर सह्या केल्या. त्यानंतर आपसातल्या हत्या खूपच कमी झाल्या. लोंग्री आओंच्या पिढीला हे सुचले नव्हते असे नाही, त्यांना तेवढा वेळ दिला गेला नव्हता.

३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत फ्रेमवर्क ॲग्रीमेंटवर मुइवा आणि केंद्र सरकारचे वार्ताकार आर. एन. रवी यांच्या सह्या झाल्या. मजकूर पाच वर्षे जाहीर झाला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आय-एमनेच तो उघड केला. त्यातला सत्तेत सार्वभौम वाटा हा शब्दप्रयोग आय-एमला एक सांगतो आणि दिल्लीला दुसरे, १९४७ च्या नवव्या कलमासारखेच. १७ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीने नागा नॅशनल पोलिटिकल ग्रुप्स या दुसऱ्या आघाडीशी वेगळा कागद केला. त्यात एनएनसीचा एक गटही आहे. वगळलेल्यांना आत घेतले हे शिलाँगपेक्षा बरे, पण त्यामुळे एकाच प्रश्नावर दोन कागद तयार झाले आणि दोन्ही गट आपलाच कागद खरा मानतात. रवींनी ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत बोलणी संपवण्याची मुदत घातली. या वेळी राजकीय मुद्द्यांना तारीख होती. ती तारीख गेली, आणि वेगळा झेंडा व वेगळी घटना या दोन मागण्यांवर गाडे अडले.